पिअरचं टोक ठेवायचं की तोडायचं? एका दुरुस्तीचं पूर्ण प्रकरण

हे एका सार्वजनिक मासेमारी पिअरचं प्रकरण आहे. म्हणजे बोटी लागायचा धक्का नाही, तर लोकांनी चालत समुद्रात जाऊन गळ टाकावा एवढ्यासाठीच बांधलेला. गावाचं, माणसांचं, ठेकेदाराचं नाव मुद्दाम काढून टाकलंय. मी मालकाच्या बाजूचा इंजिनिअर होतो, त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका माझ्या सहीने झालेल्या आहेत आणि त्या तशाच लिहितोय, कारण असे पिअर सांभाळणाऱ्या लोकांना त्यांचाच जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

पिअर साधारण २४० मीटर लांब. किनाऱ्यापासून १९८ मीटर काँक्रीटचा, दर ९ मीटरवर पाईलची, म्हणजे तळात खोल रोवलेल्या खांबांची, एक रांग, रांगेत ३ चौकोनी पाईल, त्यांची डोकी जोडणारा आडवा कॅप बीम आणि त्यावर स्लॅब. पुढचं टोक, ज्याला सगळे टी म्हणायचे कारण तिथे डेक दोन्ही बाजूंना पसरलेला होता, ते नंतर काही वर्षांनी लाकडात जोडलेलं. लाकडी पाईल, लाकडी बीम, वर फळ्या. त्या वेळी पैसे कमी होते आणि लाकडाचं काम पटकन होतं म्हणून तसं केलं.

पिअर फुकट होता. पहाटे पाच वाजता पण माणसं असायची. रोज येणारे, सुट्टीत पोरांना घेऊन येणारे, व्हीलचेअरवर येणारे दोघं तिघं, आणि ज्यांच्याकडे बोट नाही आणि कधी असणारही नाही अशी खूप माणसं. खोल पाण्यातला मासा या लोकांना मिळायचा तो फक्त इथूनच, आणि पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट डोक्यात असू द्या, कारण आमचा सगळ्यात मोठा वाद शेवटी याच्यावरच येऊन थांबला.

देखभालीसाठी वेगळा निधी नव्हता. दिवे गेले की दिवे बदलायचे, कठडा हलला की कठडा ठोकायचा. अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सरकारी इमारतींसाठी सांगितलं होतं की आज तीच वास्तू नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के दरवर्षी देखभालीवर ठेवावा. तो आकडा इमारतींचा, खाऱ्या पाण्यातल्या बांधकामाला त्याहून कमी पुरेल असं मानायला काही कारणच नाही. आमच्याकडे तेवढं कधीच ठेवलं गेलं नाही.

पहिली खूण आणि पहिली दुरुस्ती

भरतीच्या रेषेच्या जरा वर, पाईलच्या कोपऱ्यांवर तांबडे ओघळ दिसायला लागले. मग उभ्या चिरा आल्या, मग काही ठिकाणी काँक्रीटचा पापुद्रा सुटून सळई उघडी पडली. आम्ही नेहमीचं केलं. टेंडर काढलं, ठेकेदाराने सुटलेलं काँक्रीट फोडलं, सळई घासली, वर चांगल्या प्रतीचा रिपेअर मॉर्टर भरला. पिअर रंगवून घेतल्यासारखा दिसायला लागला आणि आम्ही सगळे खूश.

तीन वर्षांत परत चिरा आल्या. आणि त्या जुन्या जागी नाही आल्या, बरोबर पॅचच्या कडेला आल्या, वर एक वितभर आणि खाली एक वितभर, जणू पॅचला चौकट काढली आहे. माझा पहिला संशय ठेकेदारावर गेला, मी त्याला बोलावून घेतलं, चार माणसांसमोर बोललो सुद्धा. तो बिचारा म्हणत होता की साहेब माझा पॅच तर ठणठणीत आहे, हातोडी मारून बघा. पॅच खरंच ठणठणीत होता. बिघाड शेजारी होता.

नेमकं काय बिघडलं होतं

समुद्राच्या पाण्यातलं क्लोराईड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतं. सळईपर्यंत पुरेसं पोचलं की सळईवरचा जो पातळ संरक्षक थर असतो तो फुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा लागते, त्यामुळे आतून रेटा येऊन काँक्रीट चिरतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाण्याच्या वरचा, शिंतोडे उडणारा पट्टा. तिथे ओलं होतं, वाळतं, परत ओलं होतं, मीठ साठत जातं आणि हवा तर भरपूर असतेच. कायम पाण्याखाली असलेल्या भागात क्लोराईड खूप असतं पण ऑक्सिजन इतका कमी पोचतो की तिथे गंज सावकाश चालतो. म्हणून पाणबुड्याने खालून बघून सगळं ठीक आहे म्हटलं तरी पिअर ठीक आहे असं होत नाही.

आता पॅचचं. गंजणारा सळईचा तुकडा हा बॅटरीच्या एका टोकासारखा वागत असतो. तो स्वतः झिजतो आणि तोवर शेजारच्या सळईला वाचवत असतो. आपण तिथलं खारं काँक्रीट काढून ताजा मॉर्टर भरला की तो तुकडा शांत होतो. पण शेजारच्या काँक्रीटमध्ये क्लोराईड तर आधीच भरलेलं असतं, त्यामुळे आता तिथली सळई झिजायला लागते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे आहे, मला ते माहीत असायला हवं होतं. ठेकेदाराची मी नंतर माफी मागितली.

मग एकदाची नीट तपासणी केली. हाफ सेल मीटर, म्हणजे काँक्रीट न फोडता सळईचा विजेचा दाब मोजून गंजाचा अंदाज देणारं यंत्र, लावून पाईलवर बिंदू बिंदूने रीडिंग घेतली. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलीव्होल्टच्याही खाली रीडिंग गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, आणि आमच्याकडे मधल्या रांगांमध्ये अशी रीडिंग ओळीने आली, बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या पाईलवर सुद्धा. ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीची पावडर घेतली, सळईच्या पातळीला क्लोराईड सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या वर, म्हणजे जी धोक्याची रेषा सगळीकडे धरली जाते तिच्या पुढे. आणि कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरच्या काँक्रीटची जाडी, मोजलं तेव्हा खरी गोम कळली. ड्रॉइंगवर कव्हर ७५ मिलिमीटर, प्रत्यक्षात बऱ्याच पाईलच्या एका बाजूला ४०. पाईल ओतताना सळ्यांचा पिंजरा एका बाजूला सरकलेला. क्लोराईड आत जायला लागणारा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे कव्हर जवळपास अर्धं झालं की आयुष्य जवळपास पाव होतं. बांधताना कुणीतरी चार प्लास्टिकचे स्पेसर कमी लावले, त्याची किंमत आम्ही तीस वर्षांनी भरत होतो.

टोकाकडची कथा वेगळी. पाणबुड्यांची पद्धत अशी असते की सगळे पाईल निदान डोळ्याने आणि हाताने तपासायचे, साधारण १० टक्के पाईलवरचे शिंपले, कालवं, बार्नॅकल खरवडून साफ करून बघायचे आणि ५ टक्के पाईलवर यंत्राने किंवा नमुना घेऊन आतून तपासणी करायची. लाकडी पाईल भरती ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात कमरेत बारीक झालेले, डमरूसारखे. हे ग्रिबल नावाच्या बारीक किड्याचं काम, तो बाहेरून खात येतो. आणि दुसरा टेरेडो, ज्याला जहाजकिडा म्हणतात पण तो खरं म्हणजे किडा नाही, शिंपल्यांच्याच कुळातला प्राणी आहे. तो पिल्लू असताना बारीक भोकातून आत शिरतो आणि आतच मोठा होतो, त्यामुळे बाहेरून काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं भोक आणि आत पाईल जाळीसारखा पोकळ. पाईलना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं डांबरी तेल, मारलेलं होतं, मग आत शिरला कसा? बोल्टसाठीची भोकं साइटवर, क्रिओसोट मारून झाल्यावर पाडली होती. प्रत्येक भोक म्हणजे कोऱ्या लाकडाचा उघडा दरवाजा. शिवाय ग्रिबलच्या एका जातीला क्रिओसोट चालतं, म्हणजे ते सुद्धा पूर्ण कवच नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला गरवणाऱ्यांनी सांगितली, कुठल्या मशीनने नाही. रोज येणारे एक आजोबा दोन वर्षं म्हणत होते की अहो, सतराव्या रांगेपाशी माझी तंगूस (गळाची दोरी) आता हातभर जास्त सुटते तेव्हा कुठे शिसं तळाला लागतं. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. नंतर खोली मोजली तर वाळूचा बांध सरकला होता आणि तिथला तळ खरंच खाली गेला होता. एकट्या पाईलभोवती प्रवाहाने वाळू उकरली जाते ती साधारण पाईलच्या जाडीच्या १.३ पट, ते डिझाइनमध्ये धरलेलं असतं, पण सगळा तळच खाली जाणं हे वेगळं. पाईलची मोकळी उंची वाढते, आणि आडव्या धक्क्याने पाईलचं वरचं टोक किती झुकेल ते त्या उंचीच्या घनावर जातं. उंची २० टक्के वाढली तर झुकणं जवळजवळ पावणेदोन पट होतं. लोक म्हणायचे की मोठ्या लाटेला पिअर हलतो, पूर्वी नव्हता हलत. ते बरोबर म्हणत होते.

पहिला निर्णय: बंद करायचा का

रिपोर्ट हातात आला तेव्हा मासा लागायचे दिवस सुरू व्हायला दोन आठवडे होते. गर्दी डिझाइनमध्ये दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण ५०० किलो, खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं. मासा लागला की टीच्या कोपऱ्यावर खरोखर तशी गर्दी व्हायची, सगळे एकाच बाजूला. खाली पोकळ पाईल.

टी त्याच दिवशी बंद केला. याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यापुढचं चुकलं. आम्ही चौदाव्या रांगेवर कुंपण घातलं आणि बाकीचा पिअर चालू ठेवला, म्हटलं लोकांना निदान काहीतरी राहील. झालं असं की सगळी माणसं अर्ध्या जागेत आली, तीही लाटा फुटतात त्या उथळ पट्ट्यावर, जिथे लांब फेकल्याशिवाय काही मिळत नाही. एकमेकांच्या डोक्यावरून फेकाफेकी, तंगुशी गुंतलेल्या, एका मुलाच्या हातात गरी घुसली. पाचव्या दिवशी आम्ही माणसांची संख्या ठरवली आणि डोक्यावरून मागे नेऊन फेकायला बंदी घातली. हे कुंपण घालायच्या आदल्या दिवशी करायला हवं होतं. आणि कारण सांगायला हवं होतं. नुसती बंदची पाटी लावली, तर लोकांनी मनाने ठरवलं की जागा कुणाला तरी द्यायची आहे. मग टीवरच्या एका कापलेल्या पाईलचा पोकळ तुकडा आम्ही प्रवेशापाशी ठेवला आणि बाजूला दोन ओळी लिहिल्या. त्यानंतर भांडणं जवळपास थांबली. माणसं त्यात बोट घालून बघायची.

पर्याय

समोर चार रस्ते होते.

पहिला, परत पॅचिंग. सगळ्यात स्वस्त, आणि आता आम्हाला माहीत होतं की तीन वर्षांत परत तिथेच येणार.

दुसरा, सगळं पाडून नवीन. तांत्रिक दृष्टीने सगळ्यात स्वच्छ. पण पैसे जमेपर्यंत पिअर नुसता बंद पडून राहिला असता, आणि बंद पडलेला पिअर पुढच्या वादळात स्वतःच जातो. शिवाय किनाऱ्याकडच्या रांगांमध्ये कव्हर बरोबर पडलं होतं, ते पाईल चांगले होते, ते तोडणं मला पटत नव्हतं.

तिसरा, मधल्या पाईलना जॅकेट. म्हणजे फायबरग्लासचं कवच बाहेरून बसवायचं, आत जस्ताची जाळी सळईला जोडायची आणि मध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचा. जस्त स्वतः झिजतं आणि सळईला वाचवतं. पॅचमुळे नकळत जे उलटं झालं होतं, तेच इथे मुद्दाम आपल्या बाजूने करून घ्यायचं. टोक मात्र नव्याने बांधायचं.

चौथा, जॅकेट तेच पण टोक कायमचं काढून टाकायचं. पिअर १९८ मीटरवर संपवायचा.

कन्सल्टंटचं मत चौथ्यावर होतं आणि त्याची बाजू भक्कम होती. सगळ्यात मोठ्या लाटा टोक झेलतं, पाणी तिथे खोल, पाईल लांब, खर्च तिथे सगळ्यात जास्त. द सिटर नावाच्या अभ्यासकाने १९८४ मध्ये काँक्रीटबद्दल पाचाचा नियम मांडला होता: नीट डिझाइन आणि बांधकामावर १ रुपया वाचवला तर देखभालीत ५, वेळेवर दुरुस्ती नाही केली तर २५ आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर १२५. कन्सल्टंट म्हणाला, हे टोक तुमचं १२५ वालं आहे, सोडा ते. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, मी सुद्धा.

टोकाचा वाद

इथे प्रकरण फिरलं. गरवणाऱ्यांपैकी काही जण बैठकीला आले आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, तुम्ही पिअर कुठे संपवताय तिथे तळ कसा आहे बघितलंय का?

आम्ही नकाशा काढला. किनाऱ्याला समांतर वाळूचे दोन बांध, मध्ये एक घळ आणि दुसऱ्या बांधाच्या पलीकडे खोल पाणी. मासा या घळीतून आणि दुसऱ्या बांधाच्या बाहेरच्या उतारावरून फिरतो. आमचा १९८ मीटरचा पिअर बरोबर दुसऱ्या बांधाच्या माथ्यावर संपत होता, म्हणजे पूर्ण लांबीतल्या सगळ्यात उथळ जागांपैकी एकीवर. पैसे खर्च करून आम्ही एक भक्कम, सुरक्षित पिअर बांधला असता ज्याच्या टोकाला मासाच नाही.

मग त्यांनीच एक महिना नोंदी ठेवल्या. टी बंद होता म्हणून जुन्या फोटोंवरून आणि चालू असलेल्या भागावर रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला डोकी मोजून, उधाण (मोठी भरती) कधी, भांग (छोटी भरती) कधी तेही लिहून. त्यातून एक गोष्ट अशी कळली जी मला अजिबात माहीत नव्हती: लोकांना टीची रुंदी नको होती, टीचं अंतर हवं होतं. रुंद डेकच्या मधल्या भागात कोणी उभंच राहत नाही, कारण कठडा तिथे नसतो. पिअरची कमाई म्हणजे खोल पाण्यावरच्या कठड्याची लांबी. डेकचं क्षेत्रफळ हे फक्त खर्च आणि लाटेला मिळणारं पोट.

यावरून पाचवा पर्याय निघाला, जो कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हता. लांबी ठेवायची, टी सोडायचा. सरळ अरुंद टोक, दोन्ही बाजूंना कठडा. डेकचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं आणि खोल पाण्यावरचा कठडा थोडासाच कमी झाला. माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच आणि तो इंजिनिअरांचा नव्हता.

उंची किती

नवीन टोक किती उंच ठेवायचं यावर खूप वेळ गेला. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण ०.७८ पटीपर्यंत वाढते आणि मग फुटते, आणि तिच्या उंचीतला अंदाजे ७० टक्के भाग स्थिर पाण्याच्या वर असतो. वादळात पाणी चढून खोली ६ मीटर झाली, तर लाट जवळपास ४.७ मीटर आणि तिचा माथा त्या चढलेल्या पाण्याच्याही ३.३ मीटर वर. डेक त्याच्याही वर नेला तर वादळात सुखरूप, पण मग रोज काय? एवढ्या उंचीवरून मासा दोरीवर ओढून घेताना तो सुटतो, दोरीचं गोल जाळं खाली सोडायला लागतं, लहान मुलांना पाणीच दिसत नाही. आणि व्हीलचेअरसाठी चढ हळू हवा. १ ला २० चा उतार धरला तर दीड मीटर चढायला ३० मीटर लागतात.

शेवटी टोक दीड मीटरने उचललं आणि बाकीचं डेकवर सोडून दिलं, म्हणजे अक्षरशः. डेकची पॅनल अशी बसवायची की खालून लाटेचा रेटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की क्लिप सुटून पॅनल निघून जावं आणि पाईल, कॅप बीम वाचावेत. अमेरिकेत अलाबामातल्या गल्फ स्टेट पार्कचा पिअर २००४ च्या आयव्हन वादळात गेला आणि २००९ मध्ये नवीन उघडला तो अशाच सुटणाऱ्या पॅनलचा. २०२० च्या सॅली वादळात त्याचाही एक भाग गेलाच. त्यामुळे पॅनल म्हणजे हमी नव्हे, एवढं समजून आम्ही तो मार्ग घेतला.

काम

नवीन पाईल कारखान्यात ओतले, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट, पाणी सिमेंटचं प्रमाण ०.४० च्या खाली, कव्हर ७५. आणि या वेळी प्रत्येक पाईल बाहेर पडायच्या आधी चारही बाजूंनी कव्हर मीटरने मोजला. सात पाईल परत पाठवले, ठेकेदार नाराज झाला, कामाला तीन आठवडे उशीर झाला. झाला तर झाला. पाईल ठोकताना माशांच्या विणीचे दिवस टाळले, सुरुवातीला हळू ठोके, आणि भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा, त्याने पाण्यातला आवाजाचा धक्का कमी होतो.

जॅकेट ओहोटीच्या रेषेच्या खालपासून भरतीच्या रेषेच्या मीटरभर वरपर्यंत. आधी सगळी कालवं खरवडली. इथे आमची एक चूक झाली. जस्त फक्त ज्या सळईला विजेच्या दृष्टीने जोडलेलं आहे तिलाच वाचवतं, म्हणून पिंजऱ्यातल्या सगळ्या सळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का हे आधी मीटरने बघायचं असतं. दोन पाईलवर घाईत ते राहिलं, ग्राउट भरून झालं, आणि सहा महिन्यांनी रीडिंगमध्ये दिसलं की तिथे काहीच संरक्षण मिळत नाहीये. परत फोडायला लागलं.

कठड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बाहेरून ते किरकोळ वाटतं. उभ्या माणसासाठी कठडा साधारण १०७० मिलिमीटर ठेवला. खुर्चीत बसून गरवणाऱ्याला त्यावरून गळ टाकता येत नाही. अमेरिकेतल्या २०१० च्या अपंगांसाठीच्या मानकांत मासेमारी पिअरच्या कठड्यांपैकी निदान २५ टक्के भाग ८६५ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असं आहे, आम्ही तेच प्रमाण घेतलं. पण सगळे बुटके भाग किनाऱ्याजवळ एकत्र टाकले, म्हटलं त्यांना लांब यायला नको. उद्घाटनाच्या आधी व्हीलचेअरवरच्या एका बाईंना दाखवायला नेलं, त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वाळूत गळ टाकू का?" त्याच मानकात ते भाग पूर्ण पिअरभर पसरलेले हवेत असंही आहे, आम्ही टक्केवारी वाचली आणि पुढची ओळ सोडली. मग निम्मे उचलून टोकाकडे नेले.

कठड्याच्या वरची फळी मुद्दाम लाकडी आणि बोल्टवर ठेवली. लोक आमिष तिच्यावरच कापणार, पाट्या लावून ते थांबत नाही, तर मग फळी स्वस्त आणि बदलता येईल अशी ठेवायची. बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस, आणि जिथे ते गॅल्व्हनाईज्ड प्लेटला टेकतात तिथे मध्ये प्लास्टिकचा वॉशर, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातू चिकटले की त्यातला दुबळा आधी जातो. मासे साफ करायचं टेबल टोकावरून किनाऱ्याकडे आणलं, कारण आतडी पाण्यात पडली की पक्षी येतात आणि पक्षी आले की गरीत अडकतात. तुटलेल्या तंगुशीसाठी दर पाचव्या रांगेला पाईपचा डबा.

उघडल्यानंतर

दोन वर्षं बंद राहून पिअर उघडला. देखभालीचं वेगळं खातं झालं, दरवर्षी हाफ सेल रीडिंग, दर महिन्याला प्रत्येक रांगेपाशी खोली, आणि ती मोजायचं काम गरवणाऱ्यांच्याच गटाकडे दिलं. आजोबांनी पहिलं रीडिंग स्वतःच्या तंगुशीने घेतलं, मग आमच्या दोरीने ताडून बघितलं.

पहिलं मोठं वादळ तिसऱ्या वर्षी आलं. टोकावरची बहुतेक पॅनल सुटून गेली, तशीच जायला हवी होती. पाईल उभे, कॅप बीम चांगले. फक्त एका गाळ्यात, म्हणजे दोन रांगांमधल्या भागात, ९ पॅनल जागेवरच राहिली आणि तिथला कॅप बीम पाईलपाशी चिरला.

खाली जाऊन बघितलं तर त्या ९ पॅनलना आरपार बोल्ट मारलेले. चौकशी केली. तिथली पॅनल चालताना खडखडायची, एक म्हातारी बाई अडखळली होती, देखभालीच्या मुलांनी तक्रार मनावर घेऊन स्वतःच्या डोक्याने आणि अगदी नीट, ३१६ चे बोल्ट वापरून, ती घट्ट केली. काम इतकं चांगलं होतं की लाटेलाही ती सुटली नाहीत. मी त्या मुलांना काहीही बोललो नाही. पॅनल सुटण्यासाठीच बनवलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते डिझाइनच्या रिपोर्टमध्ये होतं, आणि तो रिपोर्ट माझ्या कपाटात होता.

वाहून गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पॅनल किनाऱ्यावर सापडली, प्रत्येकावर नंबर असल्यामुळे परत जागेवर लावता आली. चिरलेला गाळा सोडून पिअर पाच आठवड्यांत उघडला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला पॅच मारायच्या आधी क्लोराईड आणि हाफ सेल. तो खर्च पॅचिंगच्या तुलनेत किरकोळ होता आणि त्याने तीन वर्षं वाचली असती. डोळ्याला दिसणारी चीर ही गंजाची शेवटची पायरी आहे, तिच्यावरून दुरुस्तीची हद्द ठरवायचीच नाही.

आजोबांचं म्हणणं त्याच दिवशी लिहून घ्यायला हवं होतं. आता प्रवेशापाशी एक वही आहे, कुणीही लिहावं, हलतोय, वाजतोय, खोल झालंय, काहीही. तीन चतुर्थांश नोंदी कचऱ्याच्या आणि दिव्याच्या असतात. उरलेल्या मी स्वतः वाचतो.

खडखडणाऱ्या पॅनलखाली रबराची पट्टी घालायची असते, ती आता देखभालीच्या खोलीत कापून ठेवलेली असते. प्रत्येक पॅनलच्या खालच्या बाजूला रंगाने लिहिलंय की हे लाटेत सुटायलाच हवं, बोल्ट मारू नका. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला खाली होडीतून नेऊन एक क्लिप हाताने सोडवून दाखवतात.

पर्याय मांडताना आम्ही गरवणाऱ्यांना सगळ्यात शेवटी बोलावलं. तळाचा नकाशा आणि डोक्यांची मोजणी आधी हातात असती तर कन्सल्टंटचे सहा महिने चार चुकीच्या पर्यायांवर गेले नसते.

एक निर्णय अजून अर्धवट आहे. किनाऱ्याकडच्या तिसऱ्या ते सातव्या रांगेला जॅकेट लावलेलं नाही, तेव्हा रीडिंग चांगली होती आणि पैसे संपले होते. गेल्या तपासणीत पाचव्या रांगेच्या मधल्या पाईलवर पहिल्यांदा उणे ३५० च्या खाली रीडिंग आलं. बाहेरून काही दिसत नाही, एक ओघळ सुद्धा नाही. त्या पाईलच्या जॅकेटचं टेंडर या महिन्यात निघतंय.